गंभीरच्या पोटातलं चॉकलेट

केक करणं फार सोपं असतं असं वाटणारा माणूस ओळखायची एकच खूण आहे. त्याने आयुष्यात कधी केक केलेला नसतो.

मीही केला नव्हता. पण बायकोला पन्नास वर्षं पूर्ण होत होती, आणि गेले सव्वीस वाढदिवस मी 'तुला काय हवं ते घे' या एका वाक्यावर निभावून नेले होते. या वेळी मनात आलं, आपल्या हाताने चॉकलेट केक करावा. ती संध्याकाळी लायब्ररीतून दमून येईल, दार उघडेल, टेबलावर केक असेल, आणि ती क्षणभर का होईना बोलायची थांबेल. एवढीच माझी माफक महत्त्वाकांक्षा. मी रजा टाकली. अर्जात 'घरगुती काम' असं कारण लिहिलं. साहेबांनी काळजीने विचारलं, "छत गळतंय का?" मी नुसता हसलो.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. गेली एकोणतीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासतोय. त्यामुळे पाककृतीत दोनशे ग्रॅम लिहिलं की मला दोनशेच दिसतात, एकशे नव्व्याण्णव नाहीत. मी काळ्या चॉकलेटचा दोनशे ग्रॅमचा बार आणला. चोवीस चौकोनी तुकडे. कागदावर सोनेरी अक्षरांत 'सत्तर टक्के कोको'. त्यातले बारा तुकडे मोडून एका वाडग्यात घातले, ते वाडगं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलं, आणि उरलेले बारा नंतर घालायचे म्हणून टेबलावर ठेवले. निदान पाककृतीप्रमाणे तरी ते बारा असायला हवे होते.

घरात तेव्हा मी आणि गंभीर असे दोघेच होतो. गंभीर हा ताईचा कुत्रा. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती हॉस्पिटलात होती, आणि ती घरी येईपर्यंत गंभीर आमच्याकडे. पाय आखूड, अंग लांबलचक, कान जमिनीला टेकायला आलेले, आणि चेहरा असा की नुकतीच कुठूनतरी वाईट बातमी ऐकून आलाय. त्या चेहऱ्यावरूनच ताईने त्याचं नाव ठेवलं. ताई एकटी राहते, पण तिला तसं म्हटलेलं चालत नाही. "आम्ही दोघं असतो," असं ती म्हणते. त्याला आमच्या दारात सोडताना तिने त्याच्या डोक्यावर बराच वेळ हात ठेवला होता. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "नीट सांभाळ." माझ्या डोक्यावर काही हात ठेवला नाही.

सव्वादहाला बेल वाजली. दारात आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, हातात परिपत्रक.

"सही हवी होती. वाचून करा."

"तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार," मी म्हणालो. हे मी वेळ वाचावा म्हणून म्हणालो. पण कौतुकाने हा माणूस असा फुलला की त्याने पाण्याची टाकी, जिन्याचा रंग आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांच्या कुंड्या असे तीन विषय उभ्या उभ्या काढले. मी न वाचता सही केली. दहा मिनिटांनी आत आलो तर टेबल मोकळं. चांदीचा कागद वेष्टनासकट जमिनीवर, भांडं घासावं तसा चाटून लख्ख केलेला. वरच्या फळीवरचा डबा काढायला मी टेबलाशी खुर्ची ओढली होती, ती तशीच होती. आणि खुर्चीशेजारी गंभीर बसला होता, नेहमीच्याच चेहऱ्याने.

माझा पहिला विचार केकचा होता, हे मी आज मान खाली घालून कबूल करतो. मी त्याला चांगलं तारस्वरात झापलं. "लाज नाही वाटत? मुख्याध्यापिकेच्या घरचा ना तू?" त्याने मान खाली घातली. माझा आवाज ऐकून समोरच्या वहिनी धावत आल्या.

"काय झालं भाऊजी?"

"काय व्हायचंय? या बहाद्दराने चॉकलेट हाणलं. माझ्या केकचे बारा वाजले."

वहिनींचा चेहरा उतरला. "कुत्र्याने? चॉकलेट? अहो, विष आहे ते त्यांना!"

"काहीतरीच. लहान मुलं खातात की."

"लहान मुलं कुत्री नसतात, भाऊजी." वहिनींकडे पूर्वी बारा वर्षं कुत्रा होता, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. "कोकोमध्ये एक द्रव्य असतं. आपल्याला ते पचतं, त्यांच्या अंगातून ते लवकर जात नाही. छाती धडधडते, अंग थरथरतं, झटकेसुद्धा येतात. जेवढं काळं, जेवढं कडू, तेवढं वाईट. पांढऱ्याने तसं फार होत नाही. तुमचं कुठलं होतं?"

आम्ही दोघांनी जमिनीवरच्या कागदाकडे पाहिलं. सोनेरी अक्षरं चकाकत होती.

मी फ्रिजकडे धावलो. जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर ताईने फ्रिजवर लावलेल्या सूचनांच्या कागदावर होता. तो कागद मी तीन दिवस येता-जाता वाचत होतो: चॉकलेट पूर्ण बंद. मनुका, द्राक्षं, कांदा नाही. जेवणानंतर वीस मिनिटं चालणं. सोफ्यावर लोळू नये. दुसऱ्याच्या ताटातलं मागू नये. मला मधुमेह आहे, आणि ताई मला अशा याद्या शाळेपासून देत आली आहे. सूचना माझ्यासाठीच आहेत अशी माझी ठाम समजूत होती. तीन दिवस मी बिचारा निमूटपणे जेवणानंतर वीस मिनिटं चालत होतो. सोफ्यावर गंभीर लोळत होता.

मी फोन लावेपर्यंत दारातून तळमजल्यावरचे कंपाउंडरकाका आत आले. चाळीस वर्षं एका दवाखान्यात औषधं बांधून दिल्यामुळे ते स्वतःला निम्मे डॉक्टर समजतात, आणि आजारी माणसाला एकटं सोडायचं नाही हा त्यांचा बाणा आहे.

"घाबरायचं नाही," काका म्हणाले. "ओकारी काढायची. एक पेला पाणी, चार चमचे मीठ. माझ्या हातचं आहे हे."

"काका, जरा थांबा, डॉक्टरांना विचारू दे," वहिनी म्हणाल्या. पण काकांनी मीठ ढवळायला घेतलं होतं. गंभीरच्या जबड्याला त्यांनी हात घातला, आणि तेवढ्यात फोन लागला. पलीकडे डॉक्टरीणबाई होत्या. मी काय घडलं ते सांगितलं आणि मोठ्या अभिमानाने म्हणालो, "मिठाचं पाणी पाजतोच आहोत."

"अजिबात पाजू नका!" फोनमधून आवाज एवढा मोठा आला की काकांनी हात मागे घेतला. "मिठाने तो चॉकलेटच्या आधी जाईल. दूध नको, तेल नको, घरचं काहीही नको. त्याचं वजन किती, चॉकलेट कुठलं, किती खाल्लं आणि कधी खाल्लं, ही चार उत्तरं घ्या आणि ताबडतोब इकडे या. कागद बरोबर आणा."

"वजन विचारून काय समजणार त्यांना? मिठाने कोणी मेलंय का आजवर?" काका पुटपुटले आणि तो पेला घेऊन नाराजीने खुर्चीवर बसले.

वजन! हा तर माझाच प्रांत. बाथरूममधला काटा काढला. आधी मी एकटा उभा राहिलो: चौऱ्याहत्तर. मग गंभीरला उचलून: एक्क्याण्णव. म्हणजे कुत्रा सतरा किलो. वहिनी म्हणाल्या, "सतरा वाटत नाही हो." पुन्हा उभा राहिलो: त्र्याऐंशी. म्हणजे नऊ. तिसऱ्यांदा गंभीर खाली उतरल्यावरही काटा सत्याऐंशीवरच अडला. एकोणतीस वर्षं मी शहरभरच्या लोकांना काटे दुरुस्त करायला लावले आणि माझ्या घरात हे. कंपाउंडरकाकांनी वाकून काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचला.

गंभीर एव्हाना धापा टाकायला लागला होता. मी त्याला तसाच उचलून लिफ्टकडे पळालो. लिफ्टपाशी सेक्रेटरी परिपत्रक चिकटवत होते.

"लिफ्टमधून नाही नेता येणार," ते म्हणाले.

"का?"

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. 'पाळीव प्राण्यांनी जिन्याचा वापर करावा.' खाली पहिलीच सही माझी.

"अहो, त्याने विष खाल्लंय!"

"सवलत हवी असेल तर अर्ज द्या. समितीपुढे ठेवतो," सेक्रेटरी म्हणाले. माणूस दुष्ट नाही. फक्त नियम मोडताना त्याला शारीरिक त्रास होतो. वाद घालायला वेळ नव्हता. मी चार मजले जिन्याने उतरलो. गंभीरचे पुढचे पाय माझ्या खांद्यावर, मागचे पाय माझ्या पोटावर, आणि माझ्या कानापाशी त्याची छाती. ती इतकी जोरात धडधडत होती की माझी कुठली आणि त्याची कुठली ते कळेना. दर मजल्यावर मी त्याला म्हणत होतो, "बाबा रे, काही करू नकोस. ताई काय म्हणेल?" दुसऱ्या मजल्यावर लक्षात आलं की ताई काय म्हणेल याची भीती वाटत नाहीये. ताई काहीच म्हणाली नाही तर, याची वाटतेय.

टॅक्सीवाल्याने आधी गंभीरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ओकणार नाही ना?"

"ओकला तर बरंच आहे," मी म्हणालो. त्याने दार लावून घेतलं. दुसऱ्या टॅक्सीत मी तोंड मिटून बसलो. तिथूनच बायकोला निरोप पाठवला. एका हाताने कुत्रा, एका हाताने फोन, त्यामुळे मजकूर थोडक्यात: 'गंभीर दवाखान्यात. लगेच ये.'

निरोप गेला आणि मला पातेलं आठवलं. गॅस चालू होता! घराचं दारसुद्धा उघडंच. मी वहिनींना फोन लावला.

"आम्ही आतच आहोत भाऊजी," वहिनी खोकत म्हणाल्या. "पातेल्यातलं पाणी आटलं, वाडगं तडकलं. सेक्रेटरींनी गॅस बंद केला. तुमचा पंचनामा लिहितायत. तुम्ही गंभीरकडे बघा."

दवाखान्यात पुढच्या टेबलावर नोंदणी करणाऱ्या बाई बसल्या होत्या. समोर संगणक, आणि संगणकाला जेवढं पटेल तेवढंच त्यांना पटत होतं.

"पेशंटचं नाव?"

"गंभीर."

"ते डॉक्टर ठरवतील. नाव सांगा."

"नावच गंभीर आहे."

"आणि प्रकृती?"

"तीही गंभीर आहे हो!"

बाईंनी दोन्ही रकाने भरले. "मालकाची सही लागेल."

"मालकीण ऑपरेशन होऊन हॉस्पिटलात आहे. मी धाकटा भाऊ."

"कुत्र्याचा?"

"मालकिणीचा!"

बाईंनी रकान्यांची यादी वरखाली केली. "मालकिणीचा भाऊ असं यात नाहीये. नातं काय लिहू?" थोडा विचार करून त्यांनीच तोडगा काढला. "मामा लिहिते." आणि मागे वळून हाक मारली, "डॉक्टर, चॉकलेटवाला आला. मामा बरोबर आहेत." बाकावर एक म्हातारे गृहस्थ मांजर घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं.

डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील. त्यांनी एक शब्द वाया घालवला नाही. गंभीरला काट्यावर ठेवलं: बारा किलो चारशे. सवयीने माझी नजर काट्यावरच्या शिक्क्याकडे गेली. गेल्या वर्षीचा होता. एरवी मी जागच्या जागी नोटीस काढली असती. आज मी त्या काट्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

त्यांनी गंभीरला उलटी होण्याचं इंजेक्शन दिलं. पाचव्या मिनिटाला सगळं बाहेर आलं, किंवा मला तसं वाटलं. एका माणसाच्या मापाने पाहिलं तर ते भरपूर होतं, आणि त्यातलं बरंच माझ्या विजारीवर होतं. घरभर चॉकलेटचा वास सुटावा अशी माझी सकाळी इच्छा होती. ती अशा रीतीने पुरी झाली.

"तासाच्या आत आणलंत, हे चांगलं केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण सगळं कधीच बाहेर येत नाही. काही रक्तात गेलेलं असणार. आता मला नीट सांगा. किती खाल्लं?"

"बारा तुकडे. शंभर ग्रॅम."

त्यांच्या कपाळावर आठी पडली. "सत्तर टक्के कोको, शंभर ग्रॅम, बारा किलोचा कुत्रा. मग झटके येण्याची शक्यता धरून चालावं लागेल. आत्ताच गुंगीचं औषध सुरू करते. पण त्याचं हृदय पळतंय, वय नऊ वर्षं, त्या औषधाचाही धोका आहेच. खाल्लेलं कमी असेल तर मी ते देणार नाही, नुसतं लक्ष ठेवीन. म्हणून पुन्हा विचारते. नक्की बारा?"

त्याच क्षणी बायको आत आली. डोळे रडून लाल, एका पायात काळी चप्पल, दुसऱ्यात लायब्ररीच्या दारातली कोणाची तरी तपकिरी. तिने मला पाहिलं, विजार पाहिली, टेबलावरचा गंभीर पाहिला.

"हा गंभीर?" ती म्हणाली. "मी ताईंच्या हॉस्पिटलात जाऊन आले! 'गंभीर दवाखान्यात' म्हणजे मला काय वाटणार? सगळ्या लायब्ररीला सांगून आले की नणंद गंभीर आहे! तिथे जाऊन बघते तर ताई बसून बिस्किटं खातायत! शेवटी वहिनींना फोन केला तेव्हा कळलं!"

"मग तू काय सांगितलंस तिला?"

"काय सांगणार? म्हटलं, सहज आले."

"अहो, बारा ना?" डॉक्टरीणबाईंच्या हातात सुई होती.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मला गोड खायला बंदी आहे. ही बंदी बायकोने घातली आहे आणि ती मी कधीच मोडत नाही, असा आमच्या घरात समज आहे. मी गंभीरकडे पाहिलं. तो काचेसारखे डोळे करून माझ्याकडेच बघत होता.

"अकरा," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"एक मी खाल्ला. चव बघायला."

"तुम्ही?" बायको.

"नक्की अकरा?" डॉक्टरीणबाई.

"दहा. बरोबर आहे की नाही ते एका तुकड्यात कळत नाही."

"अहो, लिलाव चाललाय का?" डॉक्टरीणबाईंनी सुई खाली ठेवली. "मला या कुत्र्याच्या पोटातला खरा आकडा पाहिजे. तुम्ही किती खाल्ले?"

"पाच," मी म्हणालो. बाहेरचं मांजरसुद्धा गप्प झालं.

"पाच?" बायको इतक्या हळू म्हणाली की त्यापेक्षा ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. पाच तुकडे, जवळजवळ बेचाळीस ग्रॅम, सकाळी पावणेदहा ते सव्वादहा. हे मी पहिल्यापासून ग्रॅमवारी जाणून होतो. दुसऱ्याच्या मापातली खोट काढण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने आपल्या मापात खोट ठेवली होती, आणि तीही आजारी जिवापुढे.

"म्हणजे सात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचे खांदे सैल झाले. "सातात मोठा फरक पडतो. हृदयाला त्रास होईल, पण झटक्यांची भीती बरीच कमी. गुंगीचं औषध नको आत्ता. खरं सांगू, तुम्ही आणखी दोन खाल्ले असते तर आणखी बरं झालं असतं."

"त्यांना असलं काही सुचवू नका," बायको म्हणाली.

मग दुपार सुरू झाली, आणि तिच्याइतकी लांब दुपार मी पाहिलेली नाही. गंभीरला कोळशाची काळी लापशी पाजली. पोटात उरलेलं विष ती धरून ठेवते म्हणे. पायाला सलाईन लावलं. "त्याला अर्ध्या-अर्ध्या तासाने लघवीला न्या," डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं. "ते द्रव्य लघवीवाटे जातं, पण साठून राहिलं तर पुन्हा अंगात मुरतं." त्यामुळे दवाखान्यामागच्या चिंचोळ्या बागेत, एका हाताने सलाईनची बाटली उंच धरून आणि दुसऱ्या हाताने पट्टा धरून, मी एका कुत्र्याला "कर रे बाबा, कर," अशा विनवण्या करत फिरत होतो. शेजारच्या इमारतीच्या खिडकीतून लोक बघत होते. त्यातल्या एका दुकानदाराला मी दोनदा दंड केलेला आहे. त्याने हात हलवला.

एकच्या सुमाराला गंभीरचं थरथरणं सुरू झालं. आधी मागचे पाय, मग सगळं अंग. तो उभा राहायचा, बसायचा, पुन्हा उभा राहायचा. छातीला लावलेल्या यंत्राचा आवाज असा धावत होता की ऐकवेना. "एकशे नव्वद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि सलाईनमध्ये हृदयासाठी काहीतरी औषध घातलं. "आता वाट बघायची."

वाट बघणं हे एकच काम असं आहे की ते कितीही वर्षं केलं तरी माणूस त्यात तरबेज होत नाही. बायको माझ्याशी बोलत नव्हती. पण थोड्या वेळाने ती बाहेर गेली आणि एक ओला रुमाल घेऊन आली. माझी विजार पुसेल असं मला उगाच वाटलं. तिने गंभीरचं तोंड पुसलं. मग त्याच रुमालाने, दुसऱ्या बाजूने, विजार पुसली.

"वाढदिवसाला केक करणार होतो," मी म्हणालो.

"कळलं मला."

"तुझ्यासाठी."

"पाच तुकडे सोडून," ती म्हणाली. पण माझ्याशेजारी बाकावर बसली.

मी गंभीरच्या मानेवर हात ठेवला होता. माझ्या मनात एकच चित्र येत होतं: ताईचं घर, ती कुबड्या घेऊन दार उघडतेय, आणि आत कोणी नाही. "आम्ही दोघं असतो," हे ती कोणाला म्हणणार? मला रडू येत होतं आणि वजनमापे खात्याच्या माणसाने दवाखान्यात रडू नये असं काही लिहिलेलं नाही, म्हणून मी थोडं रडलो. मांजरवाले गृहस्थ म्हणाले, "मामा, धीर धरा."

तीनला यंत्र एकशे सत्तर म्हणालं. चारला एकशे चाळीस. पावणेपाचला थरथर थांबली. गंभीरने एक लांब सुस्कारा सोडला, माझ्या बुटावर हनुवटी ठेवली आणि घोरायला लागला.

"सुटला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्यापर्यंत इथेच ठेवते. पण सुटला." बायकोने त्यांचा हात हातात घेतला. मी उठायचा प्रयत्न केला, तर पाय बधिर होऊन पुन्हा खाली बसलो.

आता ताई उरली. बायकोचं मत होतं की आत्ता काही सांगू नये, रक्तदाब वाढेल. "पोट थोडं बिघडलं होतं, एवढंच म्हणा." सबंध रस्ताभर मी ते वाक्य घोकलं. भेटायची वेळ संपायला अर्धा तास असताना मी वॉर्डात पोचलो. बायको गंभीरपाशीच थांबली होती.

ताई उशीला टेकून बसली होती, पाय पट्ट्यांत गुंडाळलेला. "ये," ती म्हणाली. "बस. सहज आलास?"

"हो. म्हणजे, गंभीरचं पोट थोडं..." एवढं म्हणालो आणि घोकलेलं सगळं विसरलो. शाळेतही माझं असंच व्हायचं. मग मी पहिल्यापासून सांगत सुटलो. केक, परिपत्रक, तुझा कागद मी माझाच समजलो, मीठ, बिघडलेला काटा, जिना, बारा, अकरा, दहा, सात. एकशे नव्वदवर पोचलो तेव्हा माझा आवाज फाटला.

"आता घोरतोय," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाल्या, सुटला."

"माहीत आहे," ताई म्हणाली.

"माहीत आहे?"

"तुझी बायको सकाळी अकराला दोन रंगांच्या चपला घालून रडत येते आणि म्हणते सहज आले. पस्तीस वर्षं वर्गावर काढली आहेत मी. ती गेल्यावर लगेच दवाखान्यात फोन लावला. मग दर तासाला लावत होते." तिने चादर सारखी केली. "पाचला तिथल्या नोंदणीच्या बाई म्हणाल्या, मामा सकाळपासून जागचे हलले नाहीत, जेवलेसुद्धा नाहीत."

"मग मला का नाही फोन केलास? रागवायचं तरी होतंस."

"तू काय करतोस ते बघत होते," ती म्हणाली. "हात पुढे कर."

मी सवयीने तळवा वर करून हात पुढे केला आणि डोळे मिटले. पंचावन्न वर्षांच्या माणसाने असं करणं हास्यास्पद आहे हे मलाही कळतं. पण छडी आली नाही. ताईने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिचे हात गार होते.

"घाबरला होतास?" तिने विचारलं.

"फार."

"मीही," ताई म्हणाली. आयुष्यात प्रथमच.

इतक्यात नर्स रक्तदाबाचं यंत्र घेऊन आली. "वेळ संपली हं. आणि हात मोकळा करा, पट्टा बांधायचाय."

ताईने हात सोडला नाही. मुख्याध्यापिकेच्या कार्यालयातून शेवटच्या वर्गापर्यंत पोचायचा, तसल्या आवाजात ती म्हणाली, "दोन मिनिटांनी या."

नर्स मुकाट्याने बाहेर गेली.